बाळासाठी प्रयत्न करतोय, पण संबंधांच्या वेळी आणि नंतरही दुखतं. सहन करायचं का?

शांतनदी
नमस्कार. हे इथे लिहावं की नाही, असं दोन आठवडे चाललं होतं. आज लिहितेच.

वय ३१. गेले आठ महिने आम्ही बाळासाठी प्रयत्न करतोय. पूर्वी कधीतरी थोडं दुखायचं, मी लक्ष द्यायचे नाही. गेले तीन-चार महिने मात्र खोल आत, ओटीपोटात कळ येते. सुरुवातीला नाही, पूर्ण आत गेल्यावर. नंतर रात्रभर ओटीपोट जड राहतं, कधी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठणकतं. आणि ज्या दिवसांत प्रयत्न करायचा, नेमकं त्याच दिवसांत जास्त.

नवऱ्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो थांबेल, आणि थांबला तर महिना जाईल. म्हणून दात आवळून पडून राहते. गेल्या महिन्यात त्याने विचारलं, "रडतेयस का?" मी म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलं.

प्रयत्नाच्या त्या दिवसांत एवढं दुखणं नेहमीचं असतं का? दुखण्यामुळे गर्भ राहायला अडचण येते का? आणि मी असंच सहन करत राहिले तर काही बिघडेल का?

अबोली
अगं, "डोळ्यात काहीतरी गेलं" वाचून गलबललं. उत्तरं जाणकार देतीलच. मी एवढंच सांगते की तू एकटी नाहीस. मीही एक वर्ष गप्प होते.

पाऊसवेडी
माझं दुखणं वेगळं होतं, पण सांगते. मला आत नाही, अगदी तोंडाशीच जळजळायचं, कातडी सोलल्यासारखं. कारण शेवटी साधं निघालं, कोरडेपणा. अंडं सुटायची वेळ सांगणाऱ्या किटवर रेघ उमटली की आम्ही ठरलेलं काम उरकल्यासारखं करायचो. आधीची जवळीक, गप्पा, वेळ घेणं सगळं गळून पडलं होतं. शरीराला तयार व्हायला वेळच मिळत नव्हता. त्यात मी सर्दीसाठी ॲलर्जीची गोळी घेत होते. त्या गोळ्या नाकासारख्याच बाकीच्या ओल्या जागाही कोरड्या करू शकतात हे मला डॉक्टरांनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं.

गर्भधारणेला चालणारं जेल वापरायला लागलो, गजर बंद केले, दोन महिन्यांत जळजळ गेली.

वाटसरू
पाऊसवेडी, जेलबद्दल असहमत. जेलमुळे शुक्राणूंची हालचाल मंदावते असं मी वाचलंय. बाळ हवं असताना अशी कुठलीही गोष्ट कशाला वापरायची? आम्ही नैसर्गिक म्हणून फक्त थुंकी वापरायचो.

जुनीजाणती
मुलींनो, रागावू नका, पण थोडंफार दुखतंच. आमच्या वेळी कुणी याची चर्चा करत नव्हतं आणि मुलं झालीच. सारखं शरीराकडे लक्ष ठेवलं की दुखणं जास्त जाणवतं. शांतनदी, मन दुसरीकडे वळव.

चांदणचुरा
जुनीजाणती ताई, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतंय. पण मन वळवायचा हाच सल्ला मला पाच वर्षं मिळाला आणि त्या पाच वर्षांची किंमत मी मोजली आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

माझीही लक्षणं शांतनदीसारखीच. खोल आत कळ, नंतर ठणका. पाळीत पहिले दोन दिवस आडवी. पाळीच्या दिवसांत शौचाला बसतानाही आत सुरी फिरवल्यासारखं. दोनदा पोटावरून सोनोग्राफी झाली, दोन्ही "नॉर्मल". मला वाटायचं, रिपोर्ट नॉर्मल म्हणजे माझंच काहीतरी नाटक. तिसऱ्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "नेमकं कुठे दुखतं? बोट ठेवून दाखवा." तोपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी योनीमार्गातून सोनोग्राफी केली. उजव्या अंडाशयात चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या गडद रक्ताने भरलेली गाठ, आणि गर्भाशयाच्या मागे चिकटलेला भाग. एंडोमेट्रिओसिस.

गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात, दर पाळीला तिथे सूज येते, हळूहळू अवयव एकमेकांना चिकटतात. गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधल्या खोलगट जागेत हे झालं असेल तर खोलवर संबंधांत नेमका तिथेच धक्का बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो. इतकं सर्रास असून निदान व्हायला अनेक वर्षं जातात, कारण दुखणं हे बाईच्या वाट्याचंच असं सगळे धरून चालतात. घरचेही, आपणही.

मला आता चार वर्षांची मुलगी आहे. निदान आधी झालं असतं तर ती वर्षं तशी गेली नसती.

जुनीजाणती
चांदणचुरा, वाचलं. पाळीत शौचाला बसताना दुखणं... हे मला होतं गं. वीस वर्षं होतं. मी कधी कुणाला सांगितलं नाही. शांतनदी, माझा वरचा सल्ला सोड.

सुईदोरा
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथून तपासणी होत नाही, निदानही होणार नाही. पण शांतनदींच्या तिन्ही प्रश्नांना सरळ उत्तरं देता येतात.

पहिला प्रश्न. अंडं सुटायच्या सुमारास थोडं दुखणं नैसर्गिक असू शकतं. तेव्हा अंडाशयातली, अंडं जिच्यात वाढतं ती पुटी साधारण २ सेंटीमीटरच्या आसपास वाढलेली असते, अंडाशय हळवं असतं. खोल धक्का लागला तर कळ येते. बऱ्याच जणींना महिन्याच्या मध्यावर एका बाजूला तसंही दुखतं. पण दर महिन्याला वाढत जाणारं, दुसऱ्या दिवसापर्यंत टिकणारं आणि रडवणारं दुखणं या खात्यात टाकू नका.

दुसरा. दुखण्यामुळे गर्भधारणा थांबत नाही. शुक्राणू आपलं काम करतातच. पण दुखण्याचं जे कारण आहे ते कधी कधी अडथळा ठरतं: एंडोमेट्रिओसिस, ओटीपोटातला जंतुसंसर्ग, गाठी. म्हणून कारण शोधायचं.

तिसरा. बिघडतं. दुखेल या भीतीने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपोआप आवळले जातात, आवळल्याने आणखी दुखतं, पुढच्या वेळी भीती आणखी वाढते. मूळ कारण बरं झालं तरी हे आवळणं मागे राहतं. मग त्याचा वेगळा उपचार करावा लागतो.

३५ च्या आत असाल तर वर्षभर आणि ३५ नंतर सहा महिने प्रयत्न करून मग तपासणीला या, असा सर्वसाधारण नियम आहे. तो काही त्रास नसणाऱ्यांसाठी. दुखत असेल तर वर्ष पूर्ण व्हायची वाट बघायची नाही.

वाटसरू, जेलबद्दल तुम्ही वाचलंत ते अर्धं बरोबर आहे. प्रयोगशाळेत बरीच जेल शुक्राणूंची हालचाल मंद करतात. थुंकीही करते! म्हणजे नैसर्गिक म्हणून जे वापरलंत ते त्या यादीत आहेच. मात्र बाळासाठी प्रयत्न करणाऱ्या जोडप्यांचा प्रत्यक्ष मागोवा घेणारे अभ्यास २०१२ आणि २०१८ साली आले, त्यांत जेल वापरणाऱ्यांना गर्भ राहायला जास्त वेळ लागल्याचं दिसलं नाही. तरी निवड करायचीच तर शुक्राणूंना चालणारं असं स्पष्ट लिहिलेलं घ्या. त्यांची आम्लता आणि क्षारांचं प्रमाण वीर्य आणि गर्भाशयमुखाचा स्राव यांच्याशी जुळवलेलं असतं. कोरडेपणाने संबंधच टळत असतील तर जेल न वापरण्याने काहीच मिळवलं नाही.

वाटसरू
थुंकीचं माहीत नव्हतं. दुरुस्तीबद्दल आभार. पाऊसवेडी, माझा आक्षेप मागे.

दुर्वांकुर
डॉक्टर आल्याच आहेत तर विचारते. संबंधांनंतर अर्धा तास पाय वर करून, कंबरेखाली उशी घेऊन झोपायला मला सांगितलंय. तसं झोपून माझी पाठ धरते आणि ओटीपोट आणखी दुखतं. शिवाय उठल्यावर सगळं बाहेर येतं, मग वाटतं फुकट गेलं.

सुईदोरा
दुर्वांकुर, पाय खाली घ्या! त्याने गर्भधारणेची शक्यता वाढते याला पुरावा नाही. शुक्राणू काही मिनिटांत गर्भाशयाच्या तोंडात पोचलेले असतात. वीर्य आधी घट्ट होतं आणि साधारण १५ ते ३० मिनिटांत पातळ होतं, त्यामुळे नंतर ओघळणं ठरलेलंच आहे. आपल्या कामाचे शुक्राणू त्याआधीच पुढे गेलेले असतात. लघवीलाही खुशाल जा. लघवीची वाट वेगळी, त्याने काही धुतलं जात नाही, उलट लघवीच्या जंतुसंसर्गाची प्रवृत्ती असेल तर बरंच. फक्त आत पाणी मारून धुऊ नका. त्याने योनीतले चांगले जंतू जातात आणि जळजळ वाढते.

दुर्वांकुर
सात महिने मी भिंतीला पाय लावून छत बघतेय. आज नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, छतावरचा तो डाग काढायला हवा हे तुझ्यामुळेच कळलं. खूप दिवसांनी आम्ही दोघं त्या खोलीत हसलो.

एकलव्य७
पुरुषांच्या बाजूनेही कुणी लिहावं म्हणून लिहितो. दुखणं आम्हालाही होतं आणि आम्ही तर त्याबद्दल अजिबातच बोलत नाही.

मला पुढच्या कातडीखालची बारीक पट्टी ताणली जाऊन चिरायची. कोरडं असताना जास्त. चीर भरायला आठवडा लागायचा आणि तोवर पुढची तारीख यायची. मी बायकोला "आज थकलोय" सांगायचो. तिला वाटायचं मला ती नको झालीय, किंवा बाळ नको झालंय. किती चुकीचं चाललं होतं! शेवटी शल्यविशारदांकडे गेलो. छोटी शस्त्रक्रिया, काही आठवडे विश्रांती, विषय संपला. प्रोस्टेटला सूज असेल तर वीर्य बाहेर पडताना दुखतं, तेही दाखवायचं असतं.

दुसरं म्हणजे दडपण. आज हवंच असं म्हटलं की शरीर नेमकं साथ देत नाही. तसं झालं की मी घाई करायचो, आणि घाईचं दुखणं बायकोच्या वाट्याला यायचं. शांतनदी, तुमच्या नवऱ्याने "रडतेयस का" विचारलं, म्हणजे त्याचं लक्ष आहे. त्याला कळू द्या. मला कुणी सांगितलं नसतं आणि नंतर कळलं असतं की ती माझ्याखाली दात आवळून पडायची, तर मला ते आयुष्यभर सललं असतं.

अबोली
एकलव्य, शेवटचं वाक्य मी माझ्या नवऱ्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

निळाई
थोडं अवांतर, पण कुणाला तरी उपयोग होईल. मला संबंधांनंतर दहा-पंधरा मिनिटांत बाहेर आग आग, खाज आणि सूज यायची. दोन वर्षं बुरशीचे उपचार झाले, तपासणीत बुरशी सापडत नव्हती. गंमत म्हणजे निरोध वापरायचो तेव्हा काहीही होत नसे. बाळासाठी निरोध बंद केला आणि हे सुरू झालं. एका डॉक्टरांनी हाच धागा पकडला. वीर्यातल्या प्रथिनांची ॲलर्जी. दुर्मीळ आहे, पण असते. १९५८ पासून वैद्यकात नोंद आहे. त्यामुळे वंध्यत्व येत नाही. आमच्या बाबतीत शुक्राणू धुऊन, म्हणजे वीर्यातला द्रव काढून टाकून, आययूआय केलं, म्हणजे ते शुक्राणू थेट गर्भाशयात सोडले.

आणि नंतर पोटात पाळीसारखे पेटके येतात ना, त्याचं एक कारण वीर्यातली प्रोस्टाग्लँडिन. पाळीत पोट दुखवणारी द्रव्यंही हीच. १९३५ मध्ये स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी वीर्यात शोधली आणि ती प्रोस्टेट ग्रंथीतून येतात असं समजून तिचं नाव दिलं. पुढे कळलं की ती मुख्यतः शेजारच्या वीर्यकोशातून येतात. नाव मात्र तेच राहिलं.

पाऊसवेडी
निळाई, हे भारी आहे. मग पेटक्यांवर आयबुप्रोफेन घेतलं तर चालेल का? पाळीत मी तेच घेते.

सुईदोरा
पाळीत घेणं वेगळं. अंडं सुटायच्या दिवसांत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. पुटी फुटून अंडं बाहेर यायला हीच प्रोस्टाग्लँडिन लागतात. या गोळ्यांनी ते लांबू शकतं किंवा पुटी फुटतच नाही. त्या दिवसांत गरज पडली तर पॅरासिटामॉल, तेही आपल्या डॉक्टरांना विचारून. गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर घेतली तरी पेटके सुटतात.

आणखी एक. अंडं वाढवायच्या गोळ्या-इंजेक्शनं चालू असतील तर अंडाशयं नेहमीपेक्षा मोठी असतात. त्या काळात अचानक एका बाजूला असह्य दुखून उलट्या झाल्या तर सकाळ होण्याची वाट बघू नका. अंडाशयाला पीळ बसलेला असू शकतो. पाळी चुकली आहे आणि एका बाजूला जोरात दुखतंय किंवा चक्कर येतेय, तरीही तसंच निघा. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिलेला असू शकतो. ताप, घाण वास येणारा स्राव, संबंधांनंतर रक्त जाणं, यासाठी त्याच आठवड्यात दाखवा.

गारवा
इतकं सगळं वाचून धीर आला म्हणून लिहितेय. आम्हाला लग्नानंतर तीन वर्षं संबंध जमलेच नाहीत. काही आत जायला लागलं की माझे स्नायू दगडासारखे बंद व्हायचे. मी करत नव्हते, ते व्हायचं. तपासणीच्या टेबलावरही. एका ठिकाणी तर मला "सहकार्य करा, नाहीतर बाळ कसं होणार" असं ओरडून सांगितलं गेलं. त्यानंतर वर्षभर मी कुठल्याच डॉक्टरकडे गेले नाही.

याला व्हजायनिस्मस म्हणतात. मला ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट भेटल्या आणि आयुष्य बदललं. आधी नुसता श्वास. मग स्नायू सैल सोडणं. मग करंगळीपेक्षा बारीक नळी, माझ्याच हाताने, माझ्याच वेगाने, नंतर पुढचं माप. आठ महिने लागले. समुपदेशनही चालू होतं.

शांतनदी, तुमच्याशी संबंध एवढाच की मीही महिना जाईल या धास्तीने जबरदस्ती करून बघत होते आणि प्रत्येक वेळी मागे जात होते. फिजिओताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, बाळ आणि संबंध हे दोन विषय काही काळ वेगळे करा. बाळासाठी आम्हाला दुसरा मार्ग होता. वीर्य स्वच्छ भांड्यात घेऊन, बिनसुईच्या सिरिंजने योनीत सोडायचं. डॉक्टरांनी आधी दोघांच्या तपासण्या केल्या आणि नीट शिकवलं. पाचव्या महिन्यात दिवस राहिले. संबंध नीट जमले ते त्यानंतर, बाळ वर्षाचं झाल्यावर. कुणाला उलटं वाटेल. आमचं असं झालं.

अबोली
गारवा, तुझ्यावर ओरडणाऱ्यांचा मला इतका राग आलाय की काय लिहू.

वाटसरू
एक शंका. सगळेच ते दिवस म्हणतात. पण नेमके किती दिवस संबंध हवेत? आम्ही भीतीने रोज, दहा-बारा दिवस सलग करायचो. शेवटी दोघंही थकून जायचो, आणि हिला दुखायचं ते वेगळंच.

सुईदोरा
वाटसरू, या धाग्यावरचा सगळ्यात उपयोगाचा प्रश्न विचारलात. अमेरिकेतल्या २२१ स्त्रियांचा मागोवा घेणारा एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. गर्भधारणा झाल्या त्या फक्त सहा दिवसांतल्या संबंधांतून: अंडं सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. त्यानंतरच्या दिवसांतून एकही नाही. कारण शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, अंडं मात्र फार तर एक दिवस.

म्हणजे त्या सहा दिवसांत एक दिवसाआड केलं तरी पुरतं. दोन-तीन वेळा. आणि अंडं सुटायच्या दिवशी सगळ्यात जास्त दुखत असेल तर तो दिवस सोडा, आधीचे एक-दोन दिवस घ्या. शक्यता चांगलीच असते. गर्भाशयमुखाचा स्राव अंड्याच्या पांढऱ्यासारखा पारदर्शक, ताणला जाणारा झाला की ते दिवस आले समजा.

खोल दुखणाऱ्यांसाठी: स्त्री वर असेल किंवा दोघं कुशीवर असतील तर किती आत हे तिच्या हातात राहतं. पूर्ण आत जाण्याची गरज नाही. गर्भधारणेसाठी अमुक एक आसनच हवं असं काही नाही.

वाटसरू
दोन-तीन वेळा. हे एक वर्षापूर्वी कळायला हवं होतं. हिला आत्ताच दाखवतो.

शांतनदी
(तीन आठवड्यांनी) सगळ्यांचे प्रतिसाद वाचत होते, पण लिहायला बळ नव्हतं.

नवऱ्याला सांगितलं. तोंडाने जमेना म्हणून हा धागा उघडून फोन त्याच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. तो आला, डोळे लाल. म्हणाला, "एक महिना गेला तर काय झालं असतं? आणि तू मला यातून का वगळलंस?" मला वाटत होतं की मी त्याला वाचवतेय. त्याला ते बाहेर ठेवल्यासारखं वाटलं. यावर आम्ही अजून बोलतोय.

तो महिना आम्ही पूर्ण सोडला. डॉक्टरांकडे जाताना चांदणचुरा यांच्यामुळे कागदावर लिहून नेलं: कुठे दुखतं, कधी सुरू होतं, किती वेळ टिकतं, पाळीत काय होतं. लिहिताना लक्षात आलं की पाळीतलं दुखणंही दोन वर्षांत वाढलंय. योनीमार्गातून सोनोग्राफी झाली. डाव्या अंडाशयात ३ सेंटीमीटरची चॉकलेट सिस्ट दिसतेय. माझ्या गर्भनळ्यांची तपासणी आणि नवऱ्याची वीर्यतपासणी पुढच्या आठवड्यात. तोंड कोरडं पडलंय, पण रडू आलं ते सुटकेचं होतं. दुखतंय ते खरंच आहे, असं कुणीतरी पडद्यावर दाखवलं.

आता एक विचारायचंय. एक नातेवाईक म्हणतात लगेच ऑपरेशन करून टाक. डॉक्टर म्हणतात घाई नको. काय करावं?

चांदणचुरा
शांतनदी, तू कागद नेलास! माझं तेव्हा ५ सेंटीमीटर होतं आणि दुखणं जास्त, म्हणून लॅप्रोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. त्याआधी माझी एएमएच (अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) केली होती. माझ्यावरून तुझं ठरवू नकोस.

सुईदोरा
तुमच्या डॉक्टरांचं बरोबर वाटतंय. सिस्ट काढताना तिच्यालगतचा अंड्यांचा साठाही थोडा जाऊ शकतो, म्हणून बाळ हवं असताना ऑपरेशन विचार करूनच करतात. उलट दुखणं असह्य असेल किंवा सिस्ट मोठी असेल तर ते उपयोगीही पडतं. दुखणं दाबणाऱ्या हार्मोनच्या गोळ्या असतात, पण त्या अंडं सुटणं थांबवतात, म्हणजे प्रयत्नांच्या काळात चालत नाहीत. भेटीत हे विचारा: माझी एएमएच किती, नळ्या मोकळ्या आहेत का, किती महिने स्वतः प्रयत्न करायचे आणि त्यानंतर पुढची पायरी कुठली. आणि दुखण्यासाठी आत्ता काय, हा वेगळा प्रश्न म्हणून विचारा. बाळाच्या गडबडीत तो मागे पडतो.

जुनीजाणती
मी परवा डॉक्टरांकडे जाऊन आले. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा. मोठं काही नाही निघालं. पण मुलीला फोन केला आणि विचारलं, तुला पाळीत दुखतं का गं? ती म्हणाली, हो, खूप. पुढच्या आठवड्यात दोघी मिळून जाणार आहोत. शांतनदी, तू लिहिलंस म्हणून.

शांतनदी
ताई, मुलीसोबत जाताना तोच कागद करून न्या. सुईदोरा, तुमचे पाचही प्रश्न मी लिहून घेतलेत, दुखण्याचा पाचवा सगळ्यात वर. या महिन्यात दोनदाच, कुशीवर, आणि दुखलं की "थांब" म्हणायचं असं ठरलंय. काल एकदा म्हटलं. तो थांबला, आणि आम्ही तसेच गप्पा मारत पडून राहिलो.